पर्सीनं कापलेलं रिंगण

पर्सी हॅबगुडला कुणी बायकोचा वैरी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मी त्याची शेजारीण, बांधाला बांध लागून. मला विचारा की!

इंग्लंडातल्या आमच्या विल्टशरमध्ये गव्हात रिंगणं उमटणं काही नवं नाही. पोरं फळी-दोरी घेऊन येतात, गहू आडवा करून नक्षी काढतात, आणि सकाळी जगभरची माणसं ती दैवी खूण समजून घंट्या हलवत उरलेलं तुडवायला हजर! आडव्या ओंब्या कापणीच्या यंत्रात येत नाहीत, जागीच कुजतात. नक्षी देखणी असते हो, नाही कशाला म्हणू? पण म्हणून दुसऱ्याच्या ताटात रांगोळी काढायची?

त्या जुलैत पर्सीच्या बायकोला, ईनिडला, छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, बरी होईल. तेवढ्यात त्यांच्याच शेतात रिंगण उमटलं. लंडनहून आलेल्या एका बाईनं ईनिडला मधोमध बसवलं आणि सांगितलं, "इथली शक्ती गाठ विरघळवते." झालं! ईनिड रोज घडीची खुर्ची घेऊन तिथे.

पर्सीनं गॅरेजवाल्या केविनला कॉलर धरून तिच्यापुढे उभं केलं. "सांग हिला!"

केविन रडकुंडीला आला. "काकू, मीच केलं ते. फळीनं. आईशप्पथ."

ईनिड हसली. "अरे वेड्या, पण तुला सुचवलं कुणी? ती शक्तीच करून घेते तुझ्या हातून."

आता बोला! कुठे डोकं आपटायचं?

पर्सीनं हातापाया पडून पाहिलं. शेवटी एका दुपारी ती जेवायला घरी गेली, तेव्हा त्यानं हार्वेस्टर काढला आणि रिंगणाभोवतीचा अर्धाकच्चा गहू कापून नक्षीच पुसून टाकली. "आता तरी जाईल ती हॉस्पिटलात," मला म्हणाला.

नाही गेली ती. "गाठ लहान होत होती, पर्सी. तू माझं औषध कापलंस," एवढंच म्हणाली. मग त्याच्याशी बोलणंच टाकलं. दीड वर्षानं त्या गाठीनंच गेली. शेवटी शेवटी सूपसुद्धा माझ्या हातून प्यायची, तो दाराबाहेर उभा.

दफनाच्या दिवशी ती लंडनची बाई आली. पर्सीचा हात हातात घेऊन म्हणाली, "ईनिडनं तुम्हाला माफ केलंय. तिनं स्वतः सांगितलं मला."

मी तोंड उघडणार होते. पण पर्सीनं तिचा हात घट्ट धरला.

"कधी?" त्यानं विचारलं. "जायच्या आधी, की नंतर?"