हळद-चुन्याचा डाग

सुकेशनी पिंगळीची. वडील पंडितराव रेल्वेत गँगमन होते. सातवीत ती माझ्या हाताखाली शिकत होती. उत्तर येत असूनही हात वर करायची नाही, आधी वहीत ताडून बघायची. मला तो भित्रेपणा वाटे. माझंच चुकलं, ती खात्री करून घेत असे.

आज ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. काचेच्या पट्टीवर ती सोन्याचे कण बसवते, केसाच्या जाडीत हजारभर मावतील इतके बारीक. त्यांच्यावर सापाच्या विषाचे रेणू धरून ठेवणारा एक लेप असतो. विष चिकटलं की कणांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि यंत्र तो बदल टिपतं. चावलेल्या जागी कापूस फिरवला की वीस मिनिटांत उत्तर. विषावरची लस गरज नसताना दिली तर तीही जिवावर बेतू शकते, म्हणून या उत्तराला मोल.

प्रयोगशाळेत यंत्र कधी चुकलं नाही. मागच्या पावसाळ्यात ते आमच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात ठेवलं, फक्त पडताळणीसाठी. उपचार डॉक्टर आपल्या पद्धतीनंच करत. नऊ रुग्णांनी मारलेला साप सोबत आणला होता, नऊही साप बिनविषारी. यंत्रानं त्यातल्या सात जणांत विष दाखवलं. सहा वर्षांचं काम, आणि सोमवारी तज्ज्ञांची समिती बसणार होती. काम बंद होणार हे सुकेशनी जवळजवळ धरूनच चालली होती.

शुक्रवारी ती पेडगावला गेली, सातांपैकी सगळ्यात अलीकडे, चारच दिवसांपूर्वी साप चावलेल्या बजरंगकडे. दारातच त्याची आई बायनाबाई.

"आलात का मॅडम! सिस्टर म्हणल्या, तुमच्या यंत्रानं विष सांगितलं. लय लबाड हाय ते. चावली धामण. विष असतं तर ह्यो असा बशीनं चहा फुरकायला असता का?"

बजरंग खाली मान घालून हसला. सुकेशनीचं लक्ष त्याच्या घोट्याकडे गेलं. तिथे फिकट लाल डाग होता.

"मावशी, हे कशाचं?"

"हळद-चुन्याचं. सूज आली की लावतेत. यवढं शिकलात, अन् हे ठाऊक न्हाई?"

ठाऊक कसं नसेल? पाय मुरगळला की तिची आई गीताबाई हेच लावायची. पण सहा वर्षं तिनं तपासलं ते सगळं स्वच्छ बाटल्यांतून आलेलं. चुना पडला की पिवळी हळद लाल होते, आणि तिचं यंत्र रंगाचाच बदल मोजत होतं.

"मावशी, थोडी कालवून द्या."

"तुमाला कुठं चावलं?"

"कुठंच नाही. म्हणूनच द्या."

तिनं तो लेप स्वतःच्या घोट्याला लावला, दवाखान्यात जाऊन त्यावरून कापूस फिरवला आणि यंत्रात घातला. यंत्र म्हणालं, विष. सुकेशनी खुर्चीत मागे रेलून हसत सुटली. सिस्टर घाबरून डॉक्टरांना बोलवायला निघाल्या. मग तिनं उरलेल्या आठही जणांना फोन लावले. सहा जणांनी हळद-चुना लावला होता. दोघांनी नाही, आणि यंत्रानं बरोबर दाखवलेले ते दोघेच.

सोमवारी तिनं समितीपुढे आधी सातही चुका मांडल्या, मग स्वतःचा घोटा. चार महिने मिळाले. तिनं पट्टीवर सोन्याची दुसरी रांग बसवली, लेपाशिवाय. हळद दोन्ही रांगांना सारखीच रंगवते, विष फक्त पहिलीला धरतं. दोन्हींतला फरक तेवढा मोजायचा. जपून ठेवलेले कापूस पुन्हा तपासले. सातही जण निर्विष निघाले, आणि ज्यांना खरंच विषारी साप चावला होता त्यांचं विष तसंच दिसलं.

तिनं लगेच बायनाबाईंना फोन केला. "मावशी, यंत्र आता फसत नाही."

"मंग लावावा का न्हाई हळद-चुना?"

"लावू नका. साप चावला की थेट दवाखान्यात या."

"मी न्हाई लावणार. पण गाव ऐकतंय व्हय?"

"नाही ऐकलं तर नाही," सुकेशनी म्हणाली, "यंत्राला चालतंय आता."