जर्मनच्या डब्याला फुटलेली दाढी

थोरल्या जाऊबाई आणि मी एका ओट्याशी उभ्या राहिलो, की दूध विस्तवावाचून नासायचं. त्या घरात माझी म्हणावी अशी वस्तू एकच, आईनं पाचोडच्या बाजारातून घेऊन दिलेला जर्मनचा डबा. ॲल्युमिनियम म्हणायची आमच्यात पद्धत नाही. डबा एवढा, की आत बिऱ्हाड करावं.

एका सकाळी ज्वारी काढायला वाकले, तर तळाला पांढरी दाढी! थट्टा नाही, न्हावी बोलवावा इतकी. हात लावला तर तळ कोमट, अन् बोट आरपार.

जाऊबाई टपलेल्याच. "आत्याबाई, बघा! डब्याला केसं फुटले. माहेराहून करणी आणलीय हिनं."

सासूबाई भिंतीला टेकल्या. "असलं घरात नगं. आजच्या गाडीनं पाचोडला जाय. बोलवल्याबिगर येऊ नगं."

मी ज्वारी सुपात ओतली. चांदीचे मणी सुपभर पळायला लागले.

"पारा कुणी घातला?"

"म्या," जाऊबाई छाती काढून म्हणाल्या. "किडं लागू नाय म्हनून. माज्या माहेरी राखंत मळून कणगीत घालत्यात. कणगीला कधी दाढी आली नाय!"

कणगी शेणामातीची, बाई! जर्मनच्या अंगावर हवेनं झिरझिरीत कातडी धरते, तीच त्याला राखते. आमच्या लोखंडी मापानं ती रोज खरवडलेली. तिथून पारा आत शिरला की कातडी पुन्हा धरत नाही. धातू पाऱ्यात विरघळतो अन् हवेच्या ओलीनं पांढरी राख होऊन वर उगवतो. विमानात म्हणे याच भीतीनं पारा नेऊ देत नाहीत. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की दाढी मापाच्या ओरखड्यांवरच उगवलीय; बाकी नुसता राग.

मी खिळा घेतला, जाऊबाईंचं जर्मनचं झाकण खरवडलं, वर पाऱ्याचा थेंब चोळला.

"अगं सटवे, माजं झाकण!"

चहा उकळेस्तोवर झाकणाला केस.

सासूबाईंनी झाकण पाहिलं, डबा पाहिला. "ज्वारी खड्ड्यात पुरा. कोंबड्यांलाबी नगं. धाकटी कुठं जात नाय."

"पर आत्याबाई, दोन्हींला हात हिचाच लागला की!"

"हात हिचा, पारा तुजा. आजपसून चुली दोन."

मी तवा उचलला, पलीकडच्या खोलीत गेले आणि आतून कडी घातली.