बिरजूभाऊंची हद्द आणि माझं फॉरमॅट

चौथ्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. आतला पंखा थांबला, पुन्हा गुरगुरला आणि कम्प्युटर आपोआप सुरू झाला.

"पाहा, असाच करते," वनिता म्हणाली. "टायपिंग करा, काही होत नाई. व्हिडिओ लावला का गेला. मग पुन्हा लावला तर मिनिटभर पण नाई टिकत."

"केव्हापासून?"

"पंधरा-वीस दिवस झाले असतीन. आधी चांगला चाले."

मी चामोर्शीत कम्प्युटर दुरुस्त करतो. उरलेल्या वेळात वनहक्काची पत्रकं लिहितो, वाटतो आणि सभांत बोलतो. वनिताचं गाव दुकानापासून मोटरसायकलनं तासाभरावर, जंगलाला लागून आहे. ती तिथल्या वनहक्क समितीची सचिव. हा जुना कम्प्युटर तिच्या घरीच असतो, गावाचे कागद त्यावरच टाइप होतात.

माझं लक्ष पंख्याच्या आवाजाकडे होतं; त्या व्हिडिओत काय होतं ते मी तेव्हा बघितलं नाही, विचारलंही नाही. वाचणाऱ्यांना आधीच सांगतो. गावातले सर्वांत म्हातारे बिरजूभाऊ जंगलाच्या हद्दीवरून चालताहेत आणि एकेक खूण दाखवून तिचं नाव सांगताहेत: हा नाला, हा दगड, हे देवाचं ठाणं. गावानं जंगलावर केलेल्या सामूहिक दाव्यात हद्द सांगावी लागते आणि जाणत्या माणसाचा जबाब लिहून दिला तर तो पुरावा धरतात. बिरजूभाऊ उन्हाळ्यात वारले. ज्या मोबाइलवर शूटिंग झालं तो नाल्यात पडला. उरली ती या कम्प्युटरमधली एकच फाइल. वनिता ती थोडी थोडी ऐकून वहीत उतरवत होती, आणि दाव्याची सुनावणी सोमवारी होती.

मी मात्र वेगळंच गृहीत धरलं. खेड्यातला कम्प्युटर, व्हिडिओवर बंद पडतो, म्हणजे कुठून तरी सिनेमे भरून आणले आणि सोबत व्हायरस आला. साहेब लोक असा विचार करतात म्हणून मी भर सभेत त्यांना फाडून खाल्लं आहे.

वनिताला अंगणवाडीतून बोलावणं आलं. "तुम्ही पाहा दादा, मी येतोच," म्हणून ती गेली.

आधी मीटर लावून भिंतीवरच्या बोर्डातलं व्होल्टेज बघितलं. ठीक होतं. व्हायरस स्कॅन केला, दोन-चार फालतू गोष्टी निघाल्या. पडद्यावर चित्र दाखवणारा ड्रायव्हर नवा टाकला. माझ्याकडचा एक व्हिडिओ लावून बघितला, पुन्हा रिस्टार्ट. कॅबिनेटचे, म्हणजे त्या लोखंडी डब्याचे, स्क्रू गंजलेले होते. दुपारी मला अजून एका गावी जायचं होतं. मग आमच्या धंद्यातला आळशी माणसाचा उपाय केला. फॉरमॅट मारला.

फॉरमॅट म्हणजे डिस्कचा सी नावाचा भाग पुसून त्यावर विंडोज नव्यानं टाकायचं. लोकांच्या फाइली डी भागात असतात, तो तसाच राहतो. डीमध्ये गावाच्या फोटोंचे फोल्डर दिसले, मी निश्चिंत झालो. पण स्क्रीन उघडताच समोर जे दिसतं ते डेस्कटॉप. तिथं ठेवलेली फाइल वेगळी वाटली तरी ती सीमध्येच असते. खिशात पेनड्राइव्ह होता. डेस्कटॉप त्यावर उतरवून घेणं पाच मिनिटांचं काम होतं, ते मी केलं नाही.

विंडोज चढलं. माझ्याकडचा तोच व्हिडिओ लावला. चौथ्या मिनिटाला स्क्रीन काळी.

आता स्क्रूंवर तेल टाकून डबा उघडला. आत पाला होता. कडूनिंबाचा, वाळून भुगा झालेला. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या खाली, जाळीत, गच्च बसलेला. टायपिंगला प्रोसेसर फार तापत नाही. व्हिडिओला सतत राबतो, तापतो, हवा मिळाली नाही की जळण्याआधी मशीन स्वतःला बंद करतं.

"हा पाला कोणी टाकला?" मी विचारलं.

वनिताची आई, कमलाबाई, चुलीजवळून उठून आली. "मी टाकला. आत मुंग्या चालल्या होत्या. धानाच्या कोठीत टाकतो का नाई आपण? मांगच्या फटीतून टाकला. काऊन, चुकला का?"

"मग धान काढताना पाखडता तसा हाही पाखडून घ्यायचा होता ना बाई," मी हसून म्हणालो. तेव्हा मला हसू येत होतं.

पाला काढला, ब्रशनं जाळी साफ केली. व्हिडिओ अर्धा तास चालला. वनिता आली आणि तिनं स्क्रीनवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथी फाइल होती."

"कोणती?"

"बिरजूभाऊची."

मी गेलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर संध्याकाळपर्यंत चालवलं. फाइल सापडली, नावासकट. उघडली नाही. तिच्या जागेवर मीच नवं विंडोज लिहिलं होतं. कमलाबाई दारात बसून होती. "मी पाला नसता टाकला त..." एवढं म्हणाली. पाल्यानं काहीच पुसलं नव्हतं, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

वनिता ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वही उघडून बसली. "तुमच्या पत्रकात लिहून आहे ना दादा, गावाले विचारल्याबिगर गावातल्या कशाले हात लावायचा नाई म्हणून. आम्ही घरोघरी वाटलं ते."

सोमवारी तिनं वहीतून वाचलं. नाल्यापासून मोठ्या मोहाच्या झाडापर्यंत, अकरा खुणा. अधिकाऱ्यानं विचारलं, "पुढे?" ती म्हणाली, "पुढचं लिहायचं राह्यलं." मी मागे उभा होतो. का राहिलं ते सांगायला तोंड उघडलं, तर अधिकाऱ्यानं हातानंच थांबवलं. दावा परत आला. शेरा दोन शब्दांचा: हद्द अपूर्ण. माणूस आयुष्यभर ज्या जंगलात फिरला त्याची साक्ष या कार्यालयांना कागदावरच लागते. याची मला चीड आहे आणि राहील. पण तो कागद अर्धा ठेवला तो कार्यालयानं नाही.

आता मोहाच्या पुढची हद्द ओळखणारे दोन म्हातारे गावात आहेत. वनिता दोघांना घेऊन दोनदा जंगलात जाऊन आली. एक तिथल्या दुसऱ्या नाल्याच्या अलीकडून नेतो, दुसरा पलीकडून, आणि दोघंही म्हणतात बिरजूभाऊ असंच सांगायचा.

मशीन रिस्टार्ट होत असेल तर आधी डबा उघडा, पंखा बघा, मग बाकीचं. आणि डब्याला हात लावण्याआधी मालकाला समोर बसवून विचारा, यात काय आहे. वनिता येईपर्यंत थांबलो असतो, तर माझं फक्त दुपारचं दुसरं गाव राहिलं असतं.