मागचा कप्पा

माझ्याकडे कॅमेरा होता, पण तो डोंगरावर न्यायला सॅक नव्हती. हसू नका. सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशकात कॅमेऱ्याची सॅक मागितली की दुकानदार आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्याबरोबर कुणी शहाणं माणूस आलंय का ते बघायचा.

त्याआधी ही अडचण नव्हती. ऑफिसातला एक मित्र आणि मी दर रविवारी डोंगरात जायचो. मिलिटरीची एक जुनी सॅक त्याच्याकडे होती. सॅक त्याची आणि पाठ माझी, असा आमचा करार होता. पुढे त्याची नागपूरला बदली झाली आणि सॅकही त्याच्याबरोबर गेली. दिवाळीला येतो म्हणाला होता. ती दिवाळी गेली, पत्रं कमी झाली, मग थांबलीच. आई विचारायची, ऑफिसातले विचारायचे. "येणार आहे," मी ठणकावून सांगायचो. तो आल्याशिवाय डोंगरात जायचं नाही, असा माझा हट्टच होता.

पावसाळ्यात कपाटातल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी धरली. दुरुस्तीवाल्याने ती साफ केली आणि मला झाडलं, "वापरायचा नसेल तर विकून टाका." ते लागलं मला.

मग सॅकची शोधाशोध सुरू झाली. शाळेची दप्तरं पाहिली. त्यांत भूगोलाचं पुस्तक मावेल, कॅमेरा नाही. शबनम पिशवी घेऊन एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढून पाहिल्या, तर ती दर पायरीला कमरेवर आपटत होती. शेवटी नाशकातल्याच द्वारका नाक्यावर गेलो. तिथे ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक चाचा होते. जाड कॅनव्हास, आतून गाडीच्या सीटचा फोम, रुंद पट्टे, सगळं त्यांना समजावून सांगितलं.

"आणि लेन्सचा कप्पा पाठीमागे, बाहेरून, वरच्या अंगाला," मी म्हणालो. जुन्या सॅकला तसाच होता. मी चालता चालता हात मागे करायचो आणि मित्र कप्प्यातून लेन्स काढून हातावर ठेवायचा.

चाचांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पाठीमागून चालणारे उंच हैत का? त्या हिशोबानं लावतो."

"माझ्यापेक्षा वीतभर उंच," मी लगेच म्हणालो.

सॅक फक्कड झाली. पुढच्याच रविवारी एकटाच अंजनेरीला गेलो. वर्षभराचा हट्ट मोडला होता, तरी सॅक पाठीवर चढवल्यावर मला उगाच रुबाबदार वाटत होतं. वर कड्याच्या कडेने चालताना खालून एक गिधाड तरंगत वर आलं आणि अगदी माझ्या समोर स्थिरावलं. त्याच्यावरची नजर न काढता मी हात मागे केला. तळवा उघडा. वाट पाहिली. मग वैतागून म्हणालो, "अरे, दे ना!"

मागे कुणी नव्हतं. खांद्यावरून हात वळवून पाहिला, खालून पाहिला. कप्प्यापर्यंत बोटं पोचेनात. सॅक उतरवून लेन्स काढेपर्यंत गिधाड दरीपार गेलं होतं. आधी मला भयंकर राग आला, सॅकचा, मित्राचा, नागपूरचा. मग खडकावर बसलो आणि इतकं एकटं वाटलं की डबासुद्धा उघडला नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर द्वारकेला गेलो. सॅक चाचांपुढे ठेवून म्हणालो, "हा कप्पा काढून इथे बाजूला लावा. माझा हात पोचला पाहिजे."

चाचांनी कप्पा उलटसुलट करून पाहिला. शिलाई पक्की होती. "अच्छा लागलाय की," ते म्हणाले. "का, ते येत नाहीत का आता तुमच्यासंगं?"

रस्त्यावर ट्रकचे हॉर्न वाजत होते. ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तो आता येणार नाही."

चाचांनी ब्लेड घेतलं आणि टाके उसवायला लागले.