जप्त केलेला टाइपरायटर

ती केस मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. तिच्यापायी माझी बदली झाली. तरी उद्या तोच प्रसंग आला तर मी तसाच वागेन.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. जवळच्या एका सरकारी कचेरीतून मराठी टाइपरायटर चोरीला गेल्याची फिर्याद तिथल्या कारकुनाने दिली. आदल्या संध्याकाळपर्यंत तो आपल्या टेबलावर होता, असं त्याने जबाबात लिहून दिलं. पंचनाम्याला गेलो तर कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत. यंत्राचा नंबर विचारला, तर त्याने नोंदवही पुढे केली. 'टाइपरायटर, काळा, नग एक.' नंबराचा रकाना कोरा.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. कचेरीच्या आवारात लिंबाखाली अर्ज लिहून देणारे चार-पाच अर्जनवीस बसत. त्यांतला सगळ्यात जुना आपण होऊन ठाण्यावर आला.

"साहेब, त्या बाईपाशी पाहा. नवरा जनमभर टाकानं लिहीत होता. तिच्यापाशी मशीन आली कुठून?"

बाई साखरखेर्ड्याची. नवरा त्याच लिंबाखाली अर्ज लिहायचा. लकव्याने त्याचा उजवा हात गेला. बाई माहेरी, जालन्याला, टायपिंग शिकलेली. फिर्याद आली त्याच सकाळी ती पहिल्यांदाच जुना टाइपरायटर घेऊन नवऱ्याच्या जागेवर बसली आणि लोक तिच्याकडे वळू लागले. न बोलावता खबर देणाऱ्याचं पोट कुठे दुखतंय ते आधी बघावं, हे मला नोकरीने शिकवलं होतं. पण खबर ती खबर. तपास करणं भाग होतं.

यंत्र जप्त केलं. कारकुनाने एका नजरेत 'आमचाच' म्हणून ओळखलं. बाई रडली नाही की तिने हात जोडले नाहीत.

"मशीन न्या, पन पावती द्या. किती दिवस ठेवसान ते बी लिहा. घरची चूल याच्यावर पेटते माही."

दिवस किती ते मी लिहून दिलं नाही. तेव्हा मला तिचा उद्धटपणा वाटला होता, हेही कबूल करतो.

बाईने यंत्र जिथून घेतल्याचं सांगितलं, त्या जालन्याच्या दुकानदाराकडे हवालदार पाठवला. खाकी दिसताच त्या गृहस्थाची स्मरणशक्ती गेली. असं यंत्र आपण विकलंच नाही म्हणाला. बाईजवळची कच्ची पावती म्हणजे चिटोरं, त्यावर ना नंबर ना शिक्का. इकडे वरून फोन. बाईला अटक दाखवा, फाइल बंद करा. मी म्हणालो, लेखी हुकूम द्या. तो कधीच आला नाही.

बाईला जबाबासाठी बोलावलं आणि विचारलं, हेच यंत्र का घेतलं? चोरीचा माल घेणारा आधी भाव सांगतो, किती स्वस्तात पडला ते. ही बाई भावावर आलीच नाही.

"दोन मशिनी होत्या. एक रंग देल्ली, चकचकीत. मी तीन दिवस दुकानात बसून पाह्यलं. खाली कार्बन घालून चार परती काढल्या. चकचकीतची चवथी परत वाचताच ये ना. या काळीची वाचता येते. हिची रिबीन चिखलीले भेटते, दुरुस्तीवाला देऊळगाव राजाले हाये. हिचा 'म' जरा वर बसते. बसू द्या. त्यानं कोनाचा अर्ज नामंजूर होत नाई."

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, पण ही बाई फसणाऱ्यांतली नव्हती. मी कचेरीतल्या जुन्या पत्रांच्या प्रती मागवल्या. त्यांत 'म' सरळ ओळीत होता. कारकून म्हणाला, "चोरानं नेताना आपटली असंल." उत्तर बिनतोड होतं. मी पुन्हा बाईकडे वळलो.

"दुकानात तीन दिवस छापलं काय? कागद किती वाया घातले?"

"वाया काऊन घालू? शेजाऱ्याचा शेतरस्त्याचा अर्ज करायचाच होता. तोच संगं नेला. छापला अन् आल्याबरोबर कचेरीत देल्ला. मंग हप्ताभर नवऱ्याच्या दुखण्यात गेला, लिंबाखाली बसता आलं नाई."

मी तडक कचेरीत गेलो आणि आवक टपालाची फाइल स्वतः चाळली. अर्ज सापडला. प्रत्येक 'म' ओळीच्या वर. त्यावर कचेरीचाच शिक्का, तारीख चोरीच्या आठ दिवस आधीची. तो कारकुनापुढे ठेवला.

"चोराने यंत्र आपटलं म्हणता. मग चोरीच्या आठ दिवस आधी हा 'म' वर कसा चढला?"

त्याने पाणी मागितलं. पाणी मागितलं की अर्धा कबुलीजबाब झाला असं आम्ही समजायचो. पेला खाली ठेवून तो बोलू लागला. बाई यंत्र घेऊन बसणार हे कळताच तिच्याशी बरोबरी करायला जुन्या अर्जनविसाने टायपिंग शिकायचं मनावर घेतलं होतं, म्हणून कचेरीचं यंत्र याने त्याला गुपचूप घरी नेऊ दिलं. तेवढ्यात कचेरीची तपासणी लागली आणि अर्जनवीस काही यंत्र परत देईना. उलट म्हणाला, "तू चोरी दाखव, बाईचं नाव मी सांगतो." कचेरीचा टाइपरायटर त्याच्याच घरी गोधडीखाली मिळाला.

कारकून वरच्या साहेबांच्या मर्जीतला होता. दोघांवर खटला भरला आणि महिन्याभरात माझी बदली झाली. झाली तर झाली.

बाईचं यंत्र परत मिळायला अकरा दिवस लागले. मला वाटलं होतं, आभार मानेल. तिने ते लिंबाखाली मांडलं आणि पहिला अर्ज छापला तो माझ्याविरुद्ध. फौजदाराने पावतीवर मुदत लिहिली नाही, अकरा दिवस धंदा बुडवला, घरी आजारी माणूस उपाशी राहिला. तो घेऊन ती स्वतः ठाण्यात आली. हवालदार तिला हाकलायला उठला, त्याला मी बसवलं.

"बाई, तुम्हाला सोडवलं मीच ना?"

"मी काई केलंच नव्हतं, साहेब. सोडवलं कशातून?"

गरिबाच्या हाती चांगली वस्तू दिसली की आधी चोरीचा संशय घ्यायचा, ही आमच्या खात्याची खोड होती आणि मीही त्याच खात्यातला होतो. तिने तीन दिवस बसून पारखून घेतलेलं यंत्र मी पाच मिनिटांत उचलून नेलं होतं.

अर्ज वर पाठवताना खुलासा जोडावा लागतो. हवालदार म्हणाला, "साहेब, सांभाळून लिहा." मी एकच ओळ लिहिली आणि खाली सही केली. 'अर्जातील मजकूर खरा आहे.'