कपाटातलं तेंदूपान

मित्रांनो, माझ्या कपाटात २१२ पुस्तकं आहेत, नंबर टाकून लावलेली. मी दहावी नापास, पण सगळी वाचली, असं याच ग्रुपवर मी कितीदा तरी लिहिलंय.

आज सकाळी १४७ नंबरचं पुस्तक बोटभर बाहेर आलेलं दिसलं. माझ्या हातून असं होत नाही. काल दवनीवाड्याचा मित्र येऊन बसला होता. संशय त्याच्यावरच. लगेच फोन लावला.

"तुझ्या पुस्तकाले मी कायले हात लावू गा? आधी आंघोळ करा लागते!"

मग पुस्तक उघडलं. पान १८६ वर खुणेला बिडीसाठी कापलेलं तेंदूपान! आमच्या घरी बिड्या वळतात फक्त वहिनी.

विचारलं, तर हात न थांबवता म्हणाल्या, "मीच वाचून राहिली. पण भाऊजी, तुमची पेन्सिलची खूण चाळीसाव्या पानावरच काऊन थांबली? बाकीच्या पुस्तकांतही तसंच आहे."



दुपारपासून एकेक पुस्तक तपासतोय. एकसष्ट अर्धवट निघाली, दोन कप्पे बाकी आहेत.

तुमच्या कपाटातली किती पुस्तकं तुम्ही शेवटपर्यंत वाचली? खरं सांगा. आज माझा कोणावरच भरवसा राहिलेला नाही, माझ्यावरसुद्धा नाही.