दादाबरोबर बघितलेली चाळ

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मी कर्जतला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दहिवलीला दादाच्या घरी राहत होते. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दादाची भाताची गिरणी होती, घर मोठं होतं, वहिनी चांगल्या स्वभावाच्या होत्या. माझी खोली माजघराच्या पलीकडची. कापणी झाली की पोती ठेवायला तीच खोली लागायची, मग माझी ट्रंक आणि गादी दादाच्या मुलींच्या खोलीत जायची. याबद्दल कोणी मला कधी वावगं बोललं नाही आणि मीही कधी तक्रार केली नाही. पण दर वर्षी ट्रंक उचलली जाताना मी काहीतरी निमित्त काढून शाळेत जाऊन बसायचे.

दादाच्या हे लक्षात आलं असावं, असं मला तेव्हा वाटलं. कारण एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यानंच विषय काढला. स्टेशनच्या रस्त्यावरची जुनी चाळ विकायची आहे. मालक म्हातारा आहे, खालापूरला राहतो, मुलांना इकडे यायचं नाही. आपण दोघांनी मिळून घेऊ. तू त्यातल्या दोन खोल्यांत राहा, बाकीच्या खोल्यांचं भाडं येत राहील, म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. "तुझ्या हक्काचं घर होईल," तो म्हणाला.

हक्काचं घर हे शब्द माझ्याशी बोलताना कुणी पहिल्यांदाच वापरले होते. मी आत गेले, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या पाटल्या काढल्या आणि माझा वाटा म्हणून त्याच्या हातात दिल्या. नवरा गेल्यापासून त्या तशाच पडून होत्या. दादानं त्या वहिनींकडे दिल्या आणि म्हणाला, वेळ येईल तेव्हा मोडू.

पुढच्या रविवारी आम्ही चाळ बघायला गेलो. रेल्वेत काम करणाऱ्यांसाठी कुणीतरी कधी काळी बांधलेली बैठी, लांबलचक इमारत. पाया काळ्या दगडाचा, भिंती विटांच्या, वर मंगलोरी कौलं, पुढे सगळ्या खोल्यांना धरून एक ओटी. मागे विहीर आणि विहिरीपासून लांब संडास. दादानं काठीनं वासे ठोकून बघितले. वाळवी कुठे लागली आहे ते आवाजावरून कळतं, हे त्यानं मला दाखवलं, आणि दोन ठिकाणचा पोकळ आवाज मलाही ओळखता आला. पश्चिमेची भिंत कमरेपर्यंत ओली होती. पावसाळ्यात तिथं झावळ्यांची झडप बांधत असत, पण गेल्या वर्षी कुणी बांधलीच नव्हती. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं म्हणे. दादा रस्त्याच्या बाजूनं पावलं टाकत टाकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मला वाटलं, ओटीची दुरुस्ती किती पडेल याचा अंदाज घेतोय.

तिथून परत येताना नदीच्या पुलावर तो म्हणाला, "इमारत मी बघतो. माणसं तू बघ. भाडेकरू कसे आहेत यावरच अशा जुन्या चाळीची किंमत असते. आणि बायका माझ्याशी बोलणार नाहीत."

ते खरंच होतं. मग शाळा सुटली की मी चाळीत जाऊ लागले. तिथल्या काही मुली माझ्याच वर्गात होत्या, त्यामुळे कुणाला काही नवल वाटलं नाही. तरीही मी पहिल्याच दिवशी सांगितलं की आम्ही भाऊबहीण चाळ घ्यायच्या विचारात आहोत आणि घेतली तर मी इथंच राहायला येणार आहे. लपवण्यासारखं काही नव्हतं. उलट त्या बायकांना बरं वाटलं. मालक परगावी असला की कौल फुटलं तरी कुणाला सांगायचं असा प्रश्न पडतो. बाई इथंच राहणार म्हटल्यावर त्यांनी मला प्रत्येक खोलीत नेलं. कुठे गळतं, कुठली मोरी तुंबते, कुठल्या भिंतीआड उंदरांनी बीळ केलं आहे, सगळं दाखवलं.

रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक मावशी खाणावळ चालवायच्या. पोशीरच्या. घाट चढवायला गाडीच्या मागे जी इंजिनं लावतात त्यांच्यावरची माणसं त्यांच्याकडे जेवायची. तांदळाची भाकरी, सुक्या मासळीचं कालवण आणि भात. चूल सकाळी पेटली की रात्रीपर्यंत विझायची नाही, आणि त्या खोलीचं छप्पर आतून काजळीनं काळंभोर झालं होतं. मावशी माझ्यासाठी वेगळा चहा करायच्या आणि हात कामात ठेवूनच बोलायच्या. त्यांच्याजवळ मी इतरांपेक्षा जास्त बसले. मलाही त्यांच्याजवळ मन मोकळं करावंसं वाटायचं. पोती आली की माझी खोली जाते, हे दादाच्या घराबाहेर मी फक्त त्यांना सांगितलं होतं.

त्यांनीही मला एक गोष्ट सांगितली. खोली त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, नावावर होती. ते गेले तेव्हा कुणाला काही कळवलं नाही. म्हाताऱ्या मालकाला ठाऊक होतं, पण पावती आजही नवऱ्याच्याच नावाची येत होती. "खोली माझ्या नावावर कदी झालीच नाय, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमी मालकीन झालात की येवढं माजं नाव लावा. भायेर बोलू नका."

मी शब्द दिला. आणि त्या रात्री जेवताना दादानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो मला परका नव्हता. आम्ही दोघं मिळून घर घेत होतो, आणि मालक म्हणून पहिलं काम कोणतं करायचं हे मी त्याला उत्साहानं सांगत होते. मावशींचं नाव लावायचं, पश्चिमेच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा, विहिरीवर नवा रहाट बसवायचा. दादा मान हलवत होता. चाळीत रेल्वेचे सांधे बदलणारा एक सांधेवाला राहायचा, त्याच्या बायकोनं पुढची अर्धी खोली आपल्या भावाला राहायला दिली आहे हेही मीच सांगितलं. तो म्हणाला, तू नसतीस तर मला हे कसं कळलं असतं. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता.

खालापूरच्या म्हाताऱ्या मालकालाही दादा मला घेऊनच भेटला. चाळीतल्या माणसांना त्रास होईल अशा गिऱ्हाइकाला मी चाळ देणार नाही, असं मालकानं आधीच कळवलं होतं. त्यांनी माझ्या शाळेची चौकशी केली, मी कुठल्या खोल्या घेणार ते विचारलं, आणि शेवटी दादाला म्हणाले, बाई तिथं राहणार असतील तर मला दुसरं गिऱ्हाईक बघायचं नाही.

खरेदीखताच्या दिवशी शाळेत परीक्षा होती. तू कशाला रजा काढतेस, तुझी सही पुढे कधीही होईल, असं दादा म्हणाला. संध्याकाळी त्यानं पेढे आणले. मी देवापुढे ठेवले आणि वहिनींच्या पाया पडले. वहिनींनी माझ्याकडे न बघता पाठीवर हात ठेवला. पुढे ते न बघणं मला फार वेळा आठवलं.

त्यानंतर काही आठवडे दादा रोज म्हणायचा, दुरुस्ती झाल्याशिवाय तू जायचं नाहीस. मीही माझ्या दोन खोल्यांत चूल कुठे येईल, पुस्तकं कुठे राहतील याचा विचार करत दिवस काढत होते. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत मुली सांगत आल्या की फाटकाशी कोणीतरी उभं आहे.

मावशी होत्या. पदर घट्ट घेतलेला. त्या आत आल्या नाहीत. फाटकाच्या पलीकडूनच त्यांनी सांगितलं की दादाचा माणूस आला होता आणि महिनाअखेर खोली खाली करा म्हणाला. खोली तुमच्या नवऱ्याच्या नावावर होती, तो मेला, आता तुमचा इथं काय संबंध, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. सांधेवाल्याच्या बायकोलाही बोलावून, भावाला खोली दिली म्हणून, जायला सांगितलं होतं.

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज झाला असेल, मी दादाशी बोलते.

मावशी म्हणाल्या, "ही गोष्ट मी तुमालाच सांगितली व्हती."

एवढं बोलून त्या गेल्या. राग करून, रडून गेल्या असत्या तर मी त्यांच्या मागे धावले असते. तशा त्या गेल्या नाहीत. बाजारात घेतलेला माल खराब निघाला तर आपण पुन्हा त्या दुकानात जात नाही, तशा त्या वळल्या.

दादा गिरणीत होता. मी तिथंच गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी गिरणीत पाऊल टाकलं. त्यानं पट्टा थांबवायला लावला, माणसांना बाहेर पाठवलं आणि अगदी शांतपणे मला बसायला पोतं दिलं. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काही नव्हतं. तो म्हणाला, त्या चाळीच्या खोल्यांना किंमत नाही, कौलं आणि वासे दहा वर्षं टिकणार नाहीत, किंमत आहे ती रस्त्याची. स्टेशनसमोर इतकी लांब बाजू दुसऱ्या कुणाकडे नाही. पुढच्या खोल्या मोकळ्या झाल्या की तिथं दुकानांचे गाळे निघतील. हे त्याला पहिल्या रविवारीच दिसलं होतं. मला तो पावलं टाकत गेलेला आठवला.

"आणि माझ्या खोल्या?" मी विचारलं.

"तुला हे घर आहेच की."

"खरेदीखतात माझं नाव आहे का?"

नव्हतं. खरेदी वहिनींच्या नावानं झाली होती. बाईमाणसाला, त्यातून विधवेला, भाडेकरूंशी कोर्टकचेऱ्या करायला लावायच्या का, असं त्यानंच मला उलट विचारलं. माझ्याच भल्यासाठी त्यानं मला त्यातून लांब ठेवलं होतं. मी म्हटलं, तू मला फसवलंस. तेव्हा मात्र तो दुखावला. उठून घरी गेला, वहिनींच्या कपाटातून फडक्यात बांधलेल्या पाटल्या आणल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या.

"गुंजभर सोनं तुझं मी घेतलं नाही. फसवणं याला म्हणत नाहीत."

मी फडकं सोडलं. पाटल्या जशा दिल्या होत्या तशाच होत्या. त्या मोडल्याच नव्हत्या. मी देवापुढे पेढे ठेवले त्या दिवशीही त्या वहिनींच्या कपाटात होत्या. म्हणजे माझा वाटा कधीच धरलेला नव्हता. त्याला माझं सोनं नको होतं. त्याला मी चाळीत जायला हवी होते, खालापूरच्या ओसरीवर बसायला हवी होते, आणि रात्री जेवताना बोलायला हवी होते. सोनं बुडवलं असतं तर मी ते कुणाला सांगू तरी शकले असते.

दुसऱ्या दिवशी मी दादाचं घर सोडलं. शाळेतल्या थोरल्या बाईंनी त्यांच्या घरामागची पडवी मला राहायला दिली. दादा न्यायला आला नाही. वहिनींनी मोठ्या मुलीबरोबर माझी ट्रंक आणि लोणच्याची बरणी पाठवली.

सुट्टीच्या दिवशी मी एकटीच खालापूरला गेले. शिळफाट्यावर सर्व्हिस मोटार बदलायला लागायची. म्हातारे मालक ओसरीवरच होते. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. खरेदीच्या दिवशी मी का नाही आले म्हणून त्यांनी विचारलं होतं आणि दादानं बाईंना ताप आहे, त्यांचं नाव पुढच्या आठवड्यात घालून घेऊ, असं सांगितलं होतं. मी तापानं पडले नव्हते हे कळल्यावर त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमच्याकडे बघून दिली हो मी चाळ."

मी त्यांच्याकडे एकच मागितलं. नवरा वारल्यावरही भाडं तुम्ही मावशींच्याच हातून घेत होता, त्यांना भाडेकरू समजत होता, हे वेळ आली तर कोर्टात सांगाल का? ते हो म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. मावशींनी खोली सोडली नाही म्हणून दादानं दावा लावला, तेव्हा उन्हातान्हात, मुलाचा हात धरून ते आले. मीही साक्षीला उभी राहिले. दादाचे वकील मला विचारत होते की ही माहिती मी भावाला कोणत्या हेतूनं दिली. दादा समोरच्या बाकावर बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मी म्हटलं, घर घ्यायच्या हेतूनं.

शेवटी तडजोड झाली. मावशींना चाळीतून काढायचं नाही, पण रस्त्याकडची खोली सोडून त्यांनी मागे विहिरीजवळच्या खोलीत जायचं. खोलीला त्यांचं नाव लागलं. सांधेवाल्याच्या कुटुंबाला मात्र जावं लागलं, ते बदली मागून कल्याणला गेले. पुढे गाळे निघाले, त्यात एक कापडाचं दुकान आलं आणि एक सायकलींचं. दादाचा अंदाज बरोबर होता. भाऊबीजेला तो दर वर्षी निरोप पाठवायचा. पहिली काही वर्षं मी गेले नाही. नंतर त्याच्या मुलींसाठी जाऊ लागले, ओवाळू लागले, जेवून येऊ लागले. त्या घरी मी माझ्या मनातलं काही बोलत नसे, आणि कुणी विचारतही नसे.

मावशींची खाणावळ मागच्या खोलीतही चालली. इंजिनावरची माणसं विहिरीच्या कडेनं वळसा घालून यायची. मी कधीतरी संध्याकाळी तिथं जेवायला जायचे. मावशी मला पाट द्यायच्या, भाकरी गरम वाढायच्या, कालवण पुन्हा घ्या म्हणायच्या. पैसे मात्र इतरांसारखेच घ्यायच्या. बोलणं पावसाचं, मासळी महाग झाल्याचं, पोशीरला लावणी कुठवर आली त्याचं. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते मला कापडाच्या दुकानदाराकडून कळलं. मी साडी घेऊन गेले. त्यांनी साडी घेतली, मला हळदकुंकू लावता येत नाही म्हणून हातावर साखर ठेवली, आणि मुलगा कुठला, काय करतो, ते मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "हाय एक, गावाकडचा."